मुकादमाची वही आणि माझा रिटर्न

"चूल कुणाची? माझी! ठेचा कुणाचा? माझा! व्हिडिओत हात कुणाचे दिसत्यात? माझे! मंग रिटर्नमधी नाव तुझं कशापायी?"

"आन् फोन कुणाच्या हातात असतो, आत्या?"

"फोनला काय अक्कल लागती? बटन दाबलं की झालं!"

"मंग उद्यापास्नं तुमीच दाबा."

हे भांडण आमच्या घरातलं नाही हो. नगरला, एसटी स्टँडमागच्या गल्लीत, आमच्या सीए मॅडमच्या ऑफिसात चाललं होतं. बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती आपले कागद मांडीवर ठेवून आमचंच बघत होती. एका बाजूला मी, कौसाबाई, वय सत्तरीपुढं, पाथर्डी तालुक्यातल्या वाडीची. समोर माझी सून संगीता. आमचं मोबाईलवर स्वयंपाकाचं चॅनल आहे, 'कौसाईची चूल'. त्याचे पैसे माझ्या नावावर येतात, टॅक्सचा रिटर्न माझ्या नावानं भरला जातो. संगीताचं म्हणणं, अर्धं उत्पन्न तिच्या नावावर लागावं, तिचा वेगळा रिटर्न व्हावा. बारा वर्षांत ज्या पोरीनं मला उलटून शब्द दिला नाही, ती चारचौघांत हे बोलली!

भांडण मिटलं. संगीताच्या एका वाक्यानं मिटलं, ते वाक्य शेवटी सांगते. आधी बाकीचं ऐका, कारण किस्से हे उकिरड्यासारखे असतात. रोज पाटीभर टाकत जावं, ध्यानातही येत नाही. आणि वैशाखात उकरायला घ्यावं तर दोन ट्रॉल्या खत निघतं! चार वर्षांत या मोबाईलच्या धंद्यानं आमच्याकडं तेवढं साठलंय.

*

आमच्या वाडीत चॅनलवाले दोनच. एक मी, दुसरा माझा पुतण्या बाळू. बाळूचं चॅनल शेळ्यांचं. शेळीचे दात कसे बघावे, कास कशी बघावी, व्यापारी फसवतो कसा, हे तो सांगतो आणि हजारो लोक ऐकतात. घरात त्याचं कुणी ऐकत नाही, ते वेगळं.

पैसे सुरू व्हायच्या आधी व्हिडिओची कंपनी पोस्टानं एक पत्र धाडते. त्यात एक आकडा असतो. तो मोबाईलमध्ये टाकला की तुमचा पत्ता खरा ठरतो. माझं पत्र आलं, तर माझ्या लेकानं, भास्करनं, इंग्रजी अक्षरं बघितली आणि बँकेची नोटीस समजून ते देव्हाऱ्यामागं दडवलं. तीन आठवडे! संगीताला झाडताना सापडलं.

बाळूची तऱ्हा आणखी पुढची. पोस्टमन चहाच्या टपरीवर आला आणि म्हणाला, "ज्ञानदेव विठोबा कोण रं तुमच्यात?"

बाळू बशीतला चहा फुंकत म्हणाला, "न्हाई बा. त्या नावाचं कोण न्हाई वाडीत."

पोस्टमननं पत्रावर लिहिलं, 'सदर इसम मिळून आला नाही', आणि वर बाळूच्याच पैशानं चहा पिऊन गेला! शाळा सुटल्यापासून बाळूला त्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती, त्याला तरी कसं आठवावं? आता त्याची बायको रोज सकाळी एकदा "ओ ज्ञानदेव!" म्हणून ओरडते. सराव राहावा म्हणून.

*

पत्राचा आकडा टाकला, तर पुढं प्रश्न आला तो पॅन कार्डचा. पैसे कुणाच्या नावावर घ्यायचे?

भास्कर म्हणाला, "माझं टाक. घरातला कर्ता मीच हाय न्हवं?"

मी हातातलं उलथनं खाली ठेवलं. आता हे जरा नीट सांगते.

मी शाळेत गेले नाही. सोळा सालं नवऱ्याबरोबर श्रीगोंद्याकडच्या फडात ऊस तोडला. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते आणि घेतो पुरुष. मोळ्या डोक्यावर वाहून माझी मान बसायची, पण सही त्यांची. कारखान्याच्या काट्यावरून उसाच्या वजनाच्या पावत्या यायच्या, त्या खोपीत बसून चुलीच्या उजेडात बघत बघत मी अक्षरं शिकले. कुणी शिकवलं नाही, माझी मी शिकले! आणि वाचता यायला लागल्यावर पहिलं काय केलं असेल, तर मुकादमाची वही ओढून घेतली. पानावर नवऱ्याचं नाव होतं, एकनाथ, पुढं '१ कोयता'. खाली बघितलं, वर बघितलं. मी कुठंच नाही.

"मुकादम, मी कुठं हाय ह्यात?"

तो हसला. म्हणाला, "कौसा, एक कोयता लिवलंय न्हवं? त्या एकातच तू बी आलीस की!"

नवरा चांगला होता हो माझा. पण त्या दिवशी त्यांना भाकरी मी ताटात नाही वाढली, नुसती पुढं सरकवली.

म्हणून भास्करला म्हणाले, "पॅन कार्ड माझं निघंल. न्हाई तर चूल आत्ता इझवते." तालुक्याला जाऊन फोटो काढला, सही केली. अंगठा नाही, सही! पहिल्या रिटर्नची पावती आली ती मी फ्रेम करून देवाशेजारी लावली. संगीताच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाया देवाला हात जोडतात आणि त्या पावतीलाही जोडतात. मी अडवत नाही.

आणि हा मुकादमाचा किस्सा मी एकदा ठेचा कुटता कुटता व्हिडिओत सांगितला. आमचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ तोच. संगीताला तो कापून जोडायला चार दिवस लागले. चार दिवस घरात माझाच आवाज, "मी कुठं हाय ह्यात? मी कुठं हाय ह्यात?" शेवटी म्हैस पण वैतागली.

*

पुढं अमेरिकेचा फॉर्म आला. तिकडचे लोक आपले व्हिडिओ बघतात, त्या पैशातून तिकडचं सरकार आपला कर कापून घेतं. फॉर्म भरला तर कमी, नाही भरला तर जास्त. संगीता वाचून दाखवत होती.

"आत्या, विचारलंय, तुमी अमेरिकेच्या रहिवासी हाय का?"

"लिव, श्रीगोंद्याच्या पलीकडं पाय टाकला न्हाई."

"तेवढं लिवायला जागा न्हाई, आत्या. व्हय का न्हाई, तेवढंच हाय."

मी म्हणाले, "पर मला सांग, ते तिकडं बसून ठेचा नुसता बघत्यात? खायाला मिळत न्हाई?"

"न्हाई."

"मंग कापू दे कर! फुकट तोंडाला पाणी सुटतंय, दंड नको?"

"आत्या, दंड तुमच्यातनं कापत्यात!"

*

आता देशाचा कर. बाळूच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही. झालं! बाळू सातबारा घेऊन मॅडमकडं हजर.

"मॅडम, माझं समदं शूटिंग शेतात व्हतं. शेळ्या शेतात, मी शेतात, मोबाईल बी शेतात. म्हंजी हे शेतीचंच उत्पन्न झालं का न्हाई?"

मॅडम वयानं लहान, पण हसू आवरायची विद्या मोठी. त्यांनी सातबारा उलटून पालटून बघितला आणि म्हणाल्या, "बाळासाहेब, इथं बाजरी लावलीये, तूर लावलीये. व्हिडिओ हे पीक कुठल्या रकान्यात लावू? खरीप का रब्बी?"

बाळू लगेच म्हणाला, "बारमाही लिवा की!"

*

पहिल्यांदा रिटर्न भरला तेव्हा वाडीतल्या बाया धावत आल्या. "कौसाबाई, काय केलंस ह्ये? सरकारला कळलं तर तुझा निराधारचा पगार बंद व्हईल की!"

नवरा गेल्यापासून महिन्याला तो पगार येत होता मला. मी म्हणाले, "बंद व्हायची वाट कशाला बघू? मीच बंद करते. मी काय निराधार हाय का?" आणि सकाळच्या जीपनं तालुक्याचं ऑफिस गाठलं.

खिडकीतला क्लार्क म्हणाला, "मावशी, पगार सुरू करायचा फॉर्म हाय. बंद करायचा फॉर्म न्हाई."

"मंग बंद कसा व्हतो?"

"माणूस गेलं की मुलगा मृत्यूचा दाखला आणून देतो, मग होतो."

मी खिडकीत डोकं घातलं. म्हणाले, "दादा, मी मेले न्हाई, मी कमवायला लागले! त्याचा दाखला कुठं मिळतो ते सांग!"

मागं रांगेतल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. क्लार्कनं शेवटी कोरा कागद दिला. त्यावर मी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. वेलांट्या चुकल्या असतील, पण क्लार्कनं दोनदा वाचला आणि उभा राहून घेतला.

*

एका कंपनीनं घरगुती पिठाची गिरणी पाठवली. फुकट! फक्त व्हिडिओत म्हणायचं, 'आता जातं विसरा'. मी बाजरी टाकली, दळली, भाकरी थापली, खाल्ली. आणि कॅमेऱ्यापुढं म्हणाले, "बरी हाय. पर पीठ गरम व्हतं. जात्याची सर न्हाई."

कंपनीचा फोन आला. पोरगा अगदी रडकुंडीला. "आजी, एवढं एक वाक्य काढा ना!"

त्यात मॅडमनी सांगितलं, फुकट आलेली महागाची वस्तूही उत्पन्नात धरतात, तिच्यावरही कर बसतो. भास्कर म्हणाला, "हे कुठलं शास्त्र?" मी म्हणाले, "लेका, आहेर घेतला की परतीचा आहेर द्यावा लागतो का न्हाई? तसंच हाय ते." पण हिशेब मला पटेना. खोटंही मी बोलायचं आणि वर टॅक्सही मीच भरायचा? दोन्ही कसं जमंल?

मॅडमना विचारलं, "परत धाडली तर?"

"मग उत्पन्न नाही, कर नाही."

गिरणी टेम्पोत घातली. सोबत दोन किलो पीठ दिलं, जात्यावरचं. आठ दिवसांनी त्या पोराचा फोन आला, "आजी, आईनं विचारलंय, हे पीठ विकत मिळेल का?"

*

धंद्यासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा करता येतो, हे कळलं त्या वर्षी तर जत्राच भरली. बाळूनं यादी आणली: पेंड, कडबा, शेळीच्या शिंगांचा रंग, आणि बायकोची पैठणी.

"पैठणी कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"ती शेळी धरून हुभी राहती की व्हिडिओत!"

मॅडमनी शिंगांचा रंग ठेवला, पैठणी काढली. आता बाळूची बायको म्हणते, "आमच्या घरात शेळीचा खर्च मंजूर, माझा नामंजूर!"

माझी यादी सरळ होती. सरपण, तेल, मिरच्या, मोबाईलचा रिचार्ज, मोबाईल ठेवायची तिपाई. मॅडमनी वाचली आणि विचारलं, "आजी, शूटिंग कोण करतं?"

"ही, संगीता."

"एडिटिंग? लोकांना उत्तरं? कंपन्यांशी बोलणं?"

"हीच की."

"मग हिला काय देता?"

मला हसूच आलं. "सून हाय ती माझी! सुनंला कुणी पगार देतं व्हय?"

मॅडमही हसल्या. संगीता चार्जरची वायर गुंडाळत होती. तेवढी एकटी हसली नाही. ते मला तेव्हा दिसलं, पण मी पुढं बोलत राहिले.

*

तर परवाचं ते भांडण. "मंग उद्यापास्नं तुमीच दाबा," असं म्हणून संगीतानं फोन माझ्यापुढं टेबलावर ठेवला. मी फोन बघितला, फोननं मला बघितलं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "आजी, भागीदारी करता येईल. कागद करू, दोघींच्या नावानं. अर्धं-अर्धं. तुमचंही राहील, हिचंही होईल."

"भागीदारी? सासू-सुनंत? लोकं म्हणतील घर फुटलं!"

संगीता म्हणाली, "आत्या, मी पैशाचं बोलत न्हाई. तुमी मला कवाच काय कमी केलं न्हाई. मागायच्या आधी आणता."

"मंग?"

"नाव पायजे. माझं बी एक कार्ड, माझी बी एक पावती."

बाकड्यावरचं एक गिऱ्हाईक खोकलं. मला राग आला, आणि खरं सांगते, रागापेक्षा भीती जास्त वाटली. सत्तर वर्षांत एक कागद माझा झाला होता. तो अर्धा फाडायचा?

मी टेबलावर हात आपटला. "नाव, नाव काय लावलंयस गं? मी काय परकी हाय तुला? माझं ते तुझं न्हाई का? कौसाई म्हणलं की त्यातच तू बी आलीस की!"

संगीतानं पदर सारखा केला. आवाज चढवला नाही. माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली,

"मुकादम बी असंच म्हणला हुता, आत्या."