जावेचा अंगठा

माझे वडील सांगायचे, पूर्वी रावेरला बँकेत खातं उघडायचं तर आधीच्या एखाद्या खातेदाराची सही लागायची. माणसाची ओळख माणूस द्यायचा. आता बँक माझ्या पिशवीत असते. अंगठा टेकवायचं मशीन आणि रोकड घेऊन मी गावोगाव फिरते आणि ओळख ती काच ठरवते. मला ती काच कधीच आवडली नाही.

गावात खाती उघडायचं शिबिर लागलं तेव्हा केळीची कापणी जोरात होती. एका घरातल्या दोन जावा रांगेत होत्या; चिकाने आणि विळ्याने धाकटीच्या बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. मशीन काही केल्या तिचा अंगठा घेईना. मागची रांग कुरकुरायला लागली, तशी मोठीने तिच्या खात्यासाठी सरळ आपला उजवा अंगठा टेकवला. स्वतःच्या खात्याला डावा दिला. चूल एक, मग बोट कुणाचं का असेना! तेव्हापासून दोघी जोडीनेच यायच्या. मोठी अंगठा लावायची, पैसे धाकटी घ्यायची. धाकटीचा नवरा पिणारा. त्याच्यापासून लपवलेली तिची सगळी मजुरी त्या खात्यात होती. चूक दुरुस्त करायची तर घरी चौकशी येणार, म्हणून तिने ती कधी केली नाही.

परवा मोठी अचानक गेली. त्याच दुपारी मी भेटायला गेले. अंगणात पुरुष तिरडी बांधत होते. आत बायकांनी तिला आंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं. मला पाहताच धाकटी उठली आणि माझ्या कानाशी आली.

"ताई, मशीन आनलं का?"

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खांद्यावरची पिशवी मागे ओढली.

"अगं, वेडी झालीस का?"

"तिचा हात हाये तवरच हाये. मंग मले कोन वळखीन?"

हे पाप की काय, ते मला अजून सांगता येत नाही. तेव्हा फक्त संताप आला, त्या बँकेचा, काचेचा, तिच्या नवऱ्याचा. मी मशीन काढलं. धाकटीने जावेचा हात पदराने पुसला, अंगठा सरळ केला आणि काचेवर ठेवला.

"कृपया अंगठा नीट दाबा," मशीन गोड आवाजात म्हणालं. रडणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या. धाकटीने वरून आपल्या हाताने दाबलं. मला मनापासून वाटत होतं, घेऊ नये त्याने.

हिरवा दिवा लागला.

"आपली ओळख पटली आहे. धन्यवाद."

कोपऱ्यातली एक म्हातारी हात जोडून भिंतीला टेकली. मी नोटा मोजायला लागले, तशा धाकटीने त्या माझ्या हातून ओढून घेतल्या आणि चोळीत खोचल्या. जावेचा अंगठा तिने अजून सोडला नव्हता.

"अन् बाकीचे?"

"एका दिवसात एवढेच निघतात गं. बाकीचे उद्या."

बाहेरून कुणीतरी हाक मारली, चला, उचला आता.