रोडग्याचा घास
चंपाषष्ठीला वांगी भाजल्याचा वास आला की मला निलंग्याची ती गल्ली आठवते. तिथल्या एका अंध मास्तरांना वाट दाखवायला मी एक कुत्री तयार केली होती. अंगात पट्टा असताना कुणाच्या हातचं खायचं नाही, एवढं तिच्यात मुरवायला मला वर्ष लागलं. त्या चंपाषष्ठीच्या सकाळी दोघांना चालवत होतो, तर रस्त्यापलीकडच्या घरातल्या म्हातारीने भरीत-रोडग्याचं ताट आणून कुत्रीपुढे ठेवलं. "खंडोबाचं कुत्रं हाय, न्हाई म्हणू नगा," म्हणत तिने हात जोडले. मी पाघळलो, मीच कुत्रीला ‘खा’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी कुत्रीने मास्तरांना वाहत्या रस्त्यातून त्या म्हातारीच्या उंबऱ्याकडे ओढलं आणि मोटारसायकलने त्यांना उडवलं. दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये असलेल्या मास्तरांनी पट्टा माझ्या हातात दिला. "तिला मारू नका, सर. पण आता तिच्यासंगं चालायची लई भीती वाटायलीय." त्यानंतर ते घराबाहेर पडलेच नाहीत. कुत्री आता म्हातारी होऊन माझ्या दारात असते. पट्ट्याची कडी वाजली की धडपडत उठते आणि माझ्या डाव्या पायाशी येऊन उभी राहते. मला सगळं दिसतं, हे तिला कसं सांगू?