तिचा चौथा चतकोर

आमच्या लाइनच्या खांबावर एक तक्ता टांगलेला आहे. कंपनीच्या भाषेत त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. डाव्या बाजूला बायकांची नावं, वरच्या ओळीत कामांची नावं आणि प्रत्येक रकान्यात चार भागांत कापलेला एक गोल. काम शिकायला लागली की पहिला भाग काळा करायचा. कुणी शेजारी उभं असताना जमायला लागलं की दुसरा. एकटीनं, न चुकता जमलं की तिसरा. आणि दुसरीला शिकवता यायला लागलं की चौथा. आमच्या बायका त्या भागांना चतकोर म्हणतात, भाकरीचा असतो तसा. "ताई, माझा तिसरा चतकोर कधी भरताय?" असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. काळा मार्कर माझ्या खिशात असतो, कारण लाइन लीडर मी आहे.

चाकणच्या या कंपनीत आम्ही गाड्यांत बसणाऱ्या वायरींचे जुडगे बनवतो. मोठ्या फळीवर वायरी अंथरायच्या, टोकं प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये बसवायची, वरून टेप गुंडाळायची. सगळ्या बायकाच. मी तापट आहे हे आधीच सांगून ठेवते. टेप सैल दिसली की माझा आवाज पार कॅन्टीनपर्यंत जातो. पण बोलेन सगळ्यांना सारखं, अन्याय कुणावर करायची नाही, असं मी स्वतःबद्दल धरून चालले होते. ते धरून चालणं बरोबर होतं की चूक, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

गोष्ट दोघींची आहे. एक चाकणजवळच्याच गावची सून. तिच्या गावची इतकी माणसं कंपनीत आहेत की निम्म्या कंपनीची ती वहिनी लागते, म्हणून आम्हीही वहिनीच म्हणतो. पहिल्याच आठवड्यात तिनं मला फळीजवळ उभं करून सांगितलं होतं, "ताई, ही लाइन हाय ना, हितंच आमचा हरभरा व्हता. नवी नवरी म्हणून आले तवा पयला डहाळा हितलाच खाल्ला मी." सांगताना ती हसत होती. तिचे सासरे आता कंपनीच्याच रस्त्यावर एका गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून खुर्ची टाकून बसतात. वहिनीचा हात कामात जरा सैल, तोंड मात्र फर्मास.

दुसरी झारखंडची. तिला तिच्या नावानं कुणी हाकच मारत नसे. हजेरीत नाव होतं, तक्त्यावर मीच माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, पण हाक यायची ती "ए झारखंडवाली". मीही तशीच मारायचे. बोलणं अगदी कमी, आणि जे काही ते हिंदीत. पण तिच्या फळीवरून माल परत आलेला मला आठवत नाही. कनेक्टरमध्ये वायर नीट बसली की बारीक टक् होतं. लाइनवरच्या गोंगाटात ते ऐकू येत नाही आणि अर्धवट बसलेली वायर पुढं गाडीत सुटते. ही काय करायची, नव्या बाईचं बोट धरून कनेक्टरच्या पाठीवर टेकवायची आणि वायर आपण आत ढकलायची. टक् बोटाला कळायचं. मग मान हलवायची. झालं शिकवून. वहिनीलाही तिनं असंच शिकवलं होतं. मी समोर उभी होते.

मागच्या वर्षी तपासणीच्या टेबलावर एक जागा निघाली. काम बसून करायचं आणि मुख्य म्हणजे जनरल शिफ्ट. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. बाकी आम्ही सगळ्या फर्स्ट आणि सेकंड शिफ्टच्या फेऱ्यांत फिरणाऱ्या, सेकंडला घरी पोचायला मध्यरात्र होते. नियम एवढाच की जिला ती जागा द्यायची तिचा गोल पुरा भरलेला हवा. वहिनीचा भरलेला होता. झारखंडवालीचे तीन चतकोर काळे होते, चौथा पांढरा. तो आतापर्यंत का भरला नव्हता, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. राहून गेला होता, एवढंच.

दोघींनाही ती जागा हवी होती. वहिनी म्हणाली, "घरचे म्हणत्यात सेकंड बंद कर, न्हाईतर काम सोड. सुटलं तर मी परत चुलीपशी." झारखंडवालीनं मला एकदाच, बेसिनवर हात धुताना सांगितलं. तिची पाच वर्षांची मुलगी गावी आजीकडे होती. हिची भोसरीत एक खोली, नवरा तिथल्याच वर्कशॉपमध्ये, त्याच्याही पाळ्या बदलत्या. मुलीला आणलं तर संध्याकाळी तिच्याजवळ थांबणार कोण? "दीदी, जनरल मिल गया तो बेटी को ले आऊंगी," ती म्हणाली. मी "देखते हैं" म्हणाले आणि नळ बंद केला.

मग एका दुपारी आमचा इंजिनिअर तक्त्यासमोर, झारखंडवालीच्या नावावर बोट ठेवून उभा राहिला. वयानं माझ्या भाच्याएवढा. म्हणाला, "मॅडम, हिचा चौथा भरायचा का? भरलात तर जागा हिलाच जाईल, चुका हिच्याच सगळ्यांत कमी आहेत."

मी म्हणाले, "कामाबद्दल प्रश्नच नाही, सर. पण पोरी ऐकतील का हिचं?"

तो म्हणाला, "तुमची लाइन, तुम्ही ठरवा." मार्कर माझ्या खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी वहिनी तपासणीच्या टेबलावर बसली आणि तिनं सगळ्यांना पेढे वाटले. झारखंडवालीनंही घेतला.

मी तसं का म्हणाले, याचा मी पुष्कळ विचार केलाय आणि दरवेळी निराळंच उत्तर येतं. कधी वाटतं, वहिनीचा हरभरा डोक्यात होता. ज्यांच्या रानावर कंपनी उभी राहिली त्यांच्या सुनेला कंपनीत नीट बसायला एक खुर्चीही मिळू नये, हा कुठला न्याय? आणि कधी वाटतं, तसलं काही नव्हतं, मला फक्त वहिनीच्या नजरेत चांगलं राहायचं होतं.

कारण एकदा वहिनीच्या गावच्या जत्रेला मी मटणाचं जेवायला गेले होते. तिच्या सासूनं ओट्यावर विचारलं, "तुमी मूळच्या कुठल्या? आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. म्हातारी "बरं बरं" म्हणाली आणि आत गेली. मला जेवण पत्रावळीवर आलं. माझ्या आधीच्या पंगतीला स्टीलची ताटं होती. ताटं संपली असतील. गर्दी होतीच. माझ्यानंतरच्या पंगतीला काय होतं ते मी बघायला हवं होतं, पण मी हात धुतले आणि घाईघाईनं निघाले. बघितलंच नाही, त्यामुळे मला राग धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी माझ्याच डब्यातली भाजी खात होती, बोटं चाटून.

जागेचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी पिंपळे गुरवला अण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. मराठवाड्यातून तरणेपणी आले आणि सगळी उमर पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर काढली. ते शेंगा फोडत बसले होते. मी सगळं सांगितलं, इंजिनिअर काय म्हणाला, मी काय म्हणाले. आणि माझं वाक्य माझ्याच तोंडून दुसऱ्यांदा बाहेर पडलं तेव्हा कुठं मी ते ओळखलं.

ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. अण्णांच्या हाताखाली शिकलेली पोरं एकेक करून त्यांची सुपरवायझर झाली. अण्णा तिथंच. एकदा धीर करून त्यांनी साहेबांना विचारलं, तर साहेब म्हणाले, "तुझ्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण लोक ऐकतील का तुझं?" लोक का ऐकणार नाहीत ते साहेबांनी सांगितलं नाही आणि अण्णांनाही विचारायची गरज पडली नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. ते वाक्य अण्णा रिटायर होईपर्यंत आमच्याकडे जेवताना निघायचं. आई म्हणायची, पुरे करा आता, भात गार होतोय.

मला वाटलं, आता अण्णा वर बघतील. कान धरतील माझा. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले आणि म्हणाले, "बरं केलंस. आधी आपल्या पोरींचं बघाया पायजे."

"अण्णा, आपण तरी कुठं इथले? तुम्ही एक ट्रंक घेऊन आलात."

"मी काय परमुलखातून आलो व्हय? आपुन हितलेच हाओत."

"मग साहेबांना तसं का नाही वाटलं?"

अण्णांनी टरफलं गोळा करून कागदावर सारली. मग म्हणाले, "ते निराळं होतं." कसं निराळं, हे त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि आपण कुणावर रागावतोय तेही कळेना. स्कूटीवरून घरी येताना मी स्वतःशीच भांडत होते. निराळं होतंच, असं एक मन म्हणे. अण्णांना जातीमुळं अडवलं, हिला मी तसं थोडंच अडवलं? मग कशामुळं अडवलं, असं दुसरं मन विचारे. भाषेमुळं म्हणावं तर बोटाला टक् कळायला भाषा लागत नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मोशीच्या पुलावर मागून हॉर्न वाजले तेव्हा कळलं की मी रस्त्याच्या मधोमध चाललेय.

सहा महिन्यांनी ज्यांना आम्ही माल देतो त्यांच्याकडून ऑडिटला एक साहेब आले. ऑडिटच्या आधी आम्ही सगळ्यांकडून घोकून घेतो. कोणी शिकवलं असं विचारलं तर सांगायचं, लाइन लीडरनं. साहेब हिंडत हिंडत लातूरहून नुकत्याच आलेल्या एका बाईजवळ थांबले आणि मराठीतच म्हणाले, "छान बसवताय. कोणी शिकवलं?" ती गडबडली. घोकलेलं सगळं विसरली आणि तिनं सरळ झारखंडवालीकडे बोट दाखवलं.

साहेब तपासणीच्या टेबलाशी गेले. वहिनीला तेच विचारलं. वहिनी काही गडबडली वगैरे नाही. खदाखदा हसली आणि म्हणाली, "तिनंच की. आमाला समद्यांला तिनंच शिकवलंय."

साहेब तक्त्यासमोर आले. चष्मा वर करून बघितलं. "मग हा एक भाग रिकामा का?"

मॅनेजरनं इंजिनिअरकडे बघितलं, इंजिनिअरनं माझ्याकडे. मी म्हणाले, "अपडेट करायचं राहून गेलं, सर."

"करून टाका."

मी मार्कर काढला आणि चौथा चतकोर काळा केला. टोपण उघडून परत लावायलाच जास्त वेळ लागला असेल. साहेब पुढं गेले. एवढंसंच काम होतं आणि मी सहा महिने त्यावर तत्त्वज्ञान करत होते, याची मला फार लाज वाटली. वहिनीवर चिडावं असंही क्षणभर वाटलं. तिनं हसत हसत खरं सांगून टाकलं, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं ते खोटं.

चहाच्या सुट्टीनंतर झारखंडवाली तक्त्यासमोर उभी दिसली. हात मागं बांधून, मान जरा वर करून. मध्यंतरी ती एकदा गावी जाऊन आली होती, एकटीच गेली आणि एकटीच परतली. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"ताई," ती म्हणाली. आजवर ती मला दीदी म्हणायची. "माझा गोल पूर्ण झाला. आता मुलीला आणू का?"

तिनं हळू विचारलं, पण कुठंही न अडखळता. मराठीत. कधी शिकली, कुणाकडून, मला पत्ता नव्हता. शेजारणीकडून असेल, किंवा त्या लातूरच्या बाईकडून, टक् शिकवता शिकवता. तिला वाटत होतं की गोल भरला म्हणजे जनरल शिफ्ट मिळाली. कुणालाही तसंच वाटलं असतं. मला तिला सांगायचं होतं की चूक माझी झाली, हा चतकोर तेव्हाच भरायला हवा होता, तुझा हक्क होता. सगळं तोंडाशी आलं होतं, माझ्या भाषेत, आणि आता तिला ते सगळं कळलंही असतं.

मी म्हणाले, "वो जगह तो भर गयी ना."

"हो, ताई," ती म्हणाली आणि आपल्या फळीकडे गेली.