पहिला घाणा

माझे साडू हॉटेलांना तेल पुरवतात आणि मी त्याच हॉटेलांना भांडी घासायचं लिक्विड पुरवतो. त्यांनी डाग पाडायचे आणि मी काढायचे, असा आमचा घरचाच धंदा आहे. फरक एवढाच, की तुमचं लिक्विड जरा चाखून दाखवा असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

साडूभाऊंना मात्र चाखावंच लागतं. यात दोष दुसऱ्या कुणाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पंचवीस वर्षांपूर्वी धंद्यात नवे असताना त्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. डबा घेऊन थेट भटारखान्यात शिरायचं, आचाऱ्याला कढई चढवायला लावायची आणि त्या तेलातला पहिला घाणा सगळ्यांसमोर स्वतः खायचा. बटाट्याचे काप असोत नाहीतर मासळी, ताटली चाटूनपुसून संपवायची, पोटावरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, "वा! कागदाला डाग पडत नाही, तर पोटाला काय पडणार?" आचारी हसायचे, मालक डबे उतरवून घ्यायचे. बघता बघता रिवाजच पडला. नवा माल आला की पहिला घाणा साडूभाऊंचा. त्यांनी खाल्ल्याशिवाय दुसरा घाणा कढईत पडत नाही. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर पंचवीस वर्षं त्याचं कौतुकही करून घेतलं.

गेल्या वर्षी जिना चढता चढता ते मधेच खाली बसले. हृदयात दोन स्टेंट घालावे लागले. डॉक्टरीणबाई फटकळ. म्हणाल्या, "तळलेलं बंद म्हणजे बंद. घरी खाल्लं का हॉटेलात खाल्लं, ते तुमच्या हृदयाला कळत नाही. पुन्हा आलात तर मी काही करू शकेन असं समजू नका."

ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या थोरल्या मेहुणीने, तिथल्या तिथे कागदावर लिहून काढलं. हॉटेलात आधी सूप घ्यायचं, पण साय-लोणी न घातलेलं. मग काकडी-टोमॅटो. पुढे भाजलेलं नाहीतर उकडलेलं. कशात काय घातलंय ते विचारायला लाजायचं नाही. ताट आलं की अर्धं आधीच बाजूला काढायचं. कागद त्यांच्या खिशात गेला आणि राखण माझ्याकडे आली. "भावोजी, तुम्ही त्याच हॉटेलांत फिरता. लक्ष ठेवा," ताई म्हणाल्या. मी छाती ठोकून हो म्हणालो.

लक्ष ठेवणं सोपं होतं. कागदाप्रमाणे खाणं सोपं नव्हतं. कारण आजारपण कुणाला सांगायची सोय नव्हती. तेलवाल्यालाच हृदयविकार, ही बातमी एका हॉटेलात कळली की संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉटेलांत. त्याचं तेल कोण घेणार? दाढ दुखते म्हणून त्यांनी महिनाभर काढला, तर तीन मालकांनी तीन दातांचे डॉक्टर सुचवले आणि चौथ्याने थेट वेळ घेऊन ठेवली. एकदा उकडलेली भाजी मागवली, तेव्हा मालक गल्ल्यावरून उठून आला.

"काय हो, तेलात काही खोट निघाली का?"

"छे छे," म्हणत साडूभाऊंनी घाईघाईने चार काप तोंडात कोंबले.

मग रुमालाचा प्रयोग झाला. खाल्ल्यासारखं करून तुकडे रुमालात, रुमाल खिशात. आचारी बघत राहिला आणि साडूभाऊंच्या खिशावर तेलाचा डाग पसरत गेला. ते गिऱ्हाईक सुटलं. त्यांच्या वाटचं मी खाऊ का, असं एकदा विचारून बघितलं, तर आचारी म्हणाला, "साबणवाल्याने तेलाची चव सांगायची होय?"

मी चिडलो की चिडतो. स्कूटर रस्त्याच्या कडेला घेऊन एकदा त्यांना विचारलं, "जीव मोठा की डबे मोठे?"

"चोपन्न वर्षांचा आहे मी," ते म्हणाले. "आता नव्याने कुणाच्या दारात उभा राहू?"

मी रागारागाने स्कूटरला किक मारली.

परवा त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या नव्या हॉलचं उद्घाटन होतं. या मालकाचे महिन्याला चाळीस डबे. शंभरेक पाहुणे बोलावलेले, भटारखान्याला समोरून मोठी काच लावलेली, म्हणजे कढई सगळ्यांना दिसावी. मालक पाहुण्यांना सांगत होता, "आमच्याकडे तेलवाला स्वतः पहिला घाणा खातो, मगच तुमच्या ताटात येतं." टाळ्या पडल्या. साडूभाऊ माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि त्यांचा हात नकळत छातीवर गेला होता.

ते बघून माझं डोकं फिरलं. मालकाला मी कोपऱ्यात ओढलं आणि बोलून गेलो, "यांना चालत नाही. दोन स्टेंट आहेत छातीत. वर्ष झालं."

साडूभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, की क्षणभर वाटलं आपण त्यांना जिन्यावरून ढकललं. मालक आम्हा दोघांना आतल्या केबिनमध्ये घेऊन गेला आणि त्याने दार लावून घेतलं. संपलं, मी मनात म्हटलं. चाळीस डबे गेले.

मालकाने टेबलाखालून एक जेवणाचा डबा काढला. उकडलेल्या शेंगा, वाफवलेला दुधी, काकडी आणि बिनतुपाची एक पोळी.

"माझा तिसरा स्टेंट आहे," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, माझ्या हॉटेलातला घास माझ्या तोंडात गेलेला नाही. बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही. बसा, खुर्ची ओढा."

अर्धा डबा त्याने साडूभाऊंपुढे सरकवला. दोघं शाळेतल्या पोरांसारखे डोकी जवळ करून खात होते आणि गोळ्यांची नावं एकमेकांना सांगत होते. साडूभाऊ वर्षभरात पहिल्यांदा मोकळे हसले. मला इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी समजून घेणारं भेटलं, आता सुटलो, असं वाटलं.

मालकाने डबा झाकला, हात पुसले आणि तो उठला.

"चला," तो म्हणाला. "लोक थांबलेत."

साडूभाऊ बसूनच राहिले. "म्हणजे?"

"अहो, काचेपलीकडे शंभर माणसं बघतायत. मी सांगून बसलोय. आज तुम्ही नाही खाल्लं तर उद्या माझं कोण खाईल?" तो दुष्टपणे बोलत नव्हता. उलट त्याचा आवाज फार मऊ होता. "पोटात थोडं चांगलं गेलंय ना आता? मग तेवढं चालेल."

ते उठले. मला अडवायला हवं होतं. मी दार उघडून धरलं.

काचेमागे आचाऱ्याने झारा निथळला आणि ताटली पुढे केली. साडूभाऊंनी एकेक काप खाल्ला, सगळे खाल्ले. पोटावरून हात फिरवून "वा!" म्हणाले. टाळ्या पडल्या. मालकही वाजवत होता. पुढच्या महिन्यापासून साठ डबे, असं त्याने तिथेच सांगितलं.

खाली स्कूटरपाशी आलो तेवढ्यात ताईंचा फोन आला.

"भावोजी, जेवले का हे? काय खाल्लं?"

"उकडलेल्या शेंगा," मी म्हणालो. "दुधी, काकडी, एक पोळी."

"आणि तळलेलं?"

साडूभाऊ माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही बरोबर असता म्हणून मला घोर नसतो हो," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" साडूभाऊंनी विचारलं. मी सांगितलं. मागे बसता बसता ते म्हणाले, "उद्या जरा लवकर या. तीन ठिकाणी नवा माल उतरायचाय."