पंखाखालची गोधडी

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मुलुंडला आमच्या चाळीमागच्या शेडमध्ये एक गृहस्थ चार वर्षं लाकडाचं छोटं विमान बांधत होते. नाव मी कधी विचारलं नाही. चोवीस वर्षांची, स्वतःला भलतीच हुशार समजणारी बाई मी. येड्यांची चौकशी कशाला करतेय!

एके सकाळी ते अर्धवट विमान ट्रेलरवर चढलं. इंजिन बसवायला नागपूरला न्यायचं होतं. सुटे केलेले पंख बाजूला बांधले होते. मी जिन्यातून ओरडले, "अहो, विमान ना ते? मग उडवत न्या की!"

सगळी चाळ हसली. तेही हसले. पंखावरून हात फिरवत म्हणाले, "हवेत याला काही होणार नाही, वहिनी. भीती रस्त्यातल्या खड्ड्यांची. पंख तडकला, की चार वर्षं गेली."

आणि पंखापाशीच फळीवर बसले.

ड्रायव्हर वैतागला. "ओ साहेब, पुढे बसा ना! नागपूरपर्यंत कमरेची वाट लागेल."

"लागू दे रे."

माझं हसूच गेलं. धावत घरात जाऊन माहेरची नवीकोरी गोधडी आणली. त्यांनी ती उलगडली आणि अलगद पंखाखाली सरकवली.

"अहो, तुम्हाला बसायला दिलीय ती!"

"कळलं ना," ते खुशीत म्हणाले, आणि उघड्या फळीवर मांडी ठोकून बसले.