शिऱ्यावर अडलेली पदवी

माझ्या बायकोची पदवी शिऱ्यावर अडली होती.

लग्नामुळे वैशालीचं कॉलेज अर्धवट सुटलं आणि आम्ही अमिरातीतल्या अल ऐनला आलो. इथल्या एका नर्सरीत ती बरीच वर्षं मदतनीस होती. मुलं तिच्याच कडेवर, पण वर्ग दुसऱ्याच बाईच्या नावावर. "पदवी घ्या, वर्ग घ्या," असं मुख्य मॅडमनी सांगितल्यावर तिनं जनरल स्टडीजच्या दोन वर्षांच्या ऑनलाइन पदवीला नाव घातलं. या पदवीत एकाच विषयात डोकं घालून बसायची सोय नसते. थोडं इंग्रजी, थोडं गणित, थोडं विज्ञान, थोडा इतिहास, असं सगळं पानात वाढून घ्यावं लागतं आणि आवडत नाही म्हणून काही टाकता येत नाही. बीजगणिताच्या दिवसांत आमच्याकडे आमटीला फोडणी नसायची. (मी तक्रार केली नाही. म्हणजे, एकदाच केली.)

सगळे विषय सुटले आणि उरला फक्त भाषणाचा. त्याची अट अशी, की इंग्रजीत भाषण करायचं, समोर घराबाहेरची किमान सहा मोठी माणसं हवीत, ती कॅमेऱ्यात दिसायला हवीत, शेवटी टाळ्या हव्यात आणि रेकॉर्डिंग मध्ये कुठंही थांबवायचं नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत ते पाठवलं नाही तर विषय गेला, विषयाबरोबर पदवी गेली आणि पदवीबरोबर तिचा वर्गही.

"माणसं माझ्याकडे लागली," मी छाती काढून म्हणालो. आमच्या गणपती मंडळात माणसं मीच जमवतो.

पहिला फोन मंडळातल्या काळ्यांना.

"वहिनींचं भाषण? इंग्रजीत? बघतो रे, इन्शाल्ला."

काळ्यांच्या तोंडचं इन्शाल्ला म्हणजे 'नाही', हा माझा बारा गणपतींचा अनुभव आहे. बाकीच्यांकडूनही तेच मिळालं. मग मी जरा डोकं चालवलं आणि पुन्हा सगळ्यांना फोन लावला. "शनिवारी घरी सत्यनारायण आहे. शिरा आहे."

"किती वाजता?" काळ्यांनी विचारलं. वरच्या मजल्यावरच्या, वसईच्या डिमेलोंचा तर आपणहून फोन आला. "मला नाही बोलावलंस? शिरा मी पण खातो."

"बाबा, दॅट्स टेक्निकली फ्रॉड," आमचे चिरंजीव म्हणाले.

वैशाली मात्र शांत होती. ती शांत असली की मला घाम फुटतो. "देवाच्या नावानं बोलावलंत ना? मग पूजा होणार. आणि शिरा तुम्ही ढवळणार."

शनिवारी मी दंड दुखेपर्यंत शिरा ढवळला. चौरंग मांडला, टीव्हीवर डोंबिवलीचे गुरुजी अवतरले. (परदेशात गुरुजी पडद्यावरूनच येतात.) जमलेल्या मंडळींना मी नीट सांगितलं, आधी कथा, मग वैशालीचं भाषण, मग प्रसाद. सगळ्यांनी माना हलवल्या. व्हिजिट व्हिसावर आलेल्या काळ्यांच्या वडिलांनीही हलवली. आजोबांना ऐकू कमी येतं, हे मला माहीत होतं. त्याचा पुढे संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

गुरुजींनी कथेसाठी तोंड उघडलं आणि नेट अडकलं. गुरुजी तसेच, उघड्या तोंडाने, टीव्हीवर. मंडळी हातात फुलं-अक्षता घेऊन बसलेली. घड्याळ पुढे सरकायला लागलं तशी वैशाली नऊवारी सावरत उठली. "गुरुजी येतील तेव्हा येतील. मी भाषण करून घेते." मी कॅमेरा सुरू केला.

विषय होता अल ऐनच्या खजुराच्या बागांना पाटाने पाणी कसं मिळतं. छान बोलत होती. प्रास्ताविक संपवून ती श्वास घ्यायला थांबली आणि डोळे मिटून बसलेले आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले, "सत्यनारायण महाराज की..."

"जय!" सगळी मंडळी म्हणाली. जन्माची सवय, करणार काय!

भाषणाचा विषय शिकवणाऱ्या सरांचा नियम होता, प्रास्ताविक, तीन मुद्दे आणि समारोप. म्हणजे भाग पाच. सत्यनारायणाचे अध्यायही पाच. हे गणित मला आधी सुचायला हवं होतं. रेकॉर्डिंग थांबवता येत नव्हतं, म्हणून मी कॅमेऱ्यामागून आजोबांना हात हलवून खुणा केल्या. त्यांना वाटलं, घंटा राहिली. दुसऱ्या भागानंतर जयजयकार घंटेसह झाला. तिसऱ्याला डिमेलोही सामील झाले. चौथ्याला सर्वांत मोठा "जय" कुठून आला म्हणून मी दचकलो. तो माझाच होता.

वैशाली मात्र थांबली नाही. आवाज कापत होता, पण प्रत्येक जयजयकार संपू देऊन ती पुढचं वाक्य बोलत होती. तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. तिनं "थँक यू" म्हटलं आणि टाळ्यांऐवजी तिच्यावर अक्षतांचा पाऊस पडला. त्याच क्षणी नेट आलं, आणि टीव्हीवर गुरुजींनी शंख फुंकला. आजोबा तर तिच्यापुढे ओंजळ धरून तीर्थ मागायला लागले.

दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग करायला वेळ नव्हता. तिनं डोळे पुसत तेच पाठवून दिलं. त्या रात्री शिरा मला गेला नाही.

चार दिवसांनी सरांचा निरोप आला. वैशालीनं तो मोठ्यानं वाचला. "आजवर इतका समरस झालेला श्रोतृवर्ग मी पाहिला नाही. व्यत्ययातही वक्त्री विचलित झाली नाही. उत्तीर्ण, उत्तम गुणांनी."

आता तिच्या वर्गाच्या दारावर तिचं नाव आहे. मी दोनदा मुद्दाम जाऊन बघून आलो.

निरोपाच्या शेवटी एक ओळ होती. ती तिनं आधी वाचली नव्हती, मंडळाच्या बैठकीत सर्वांसमोर वाचली. "फक्त एक सूचना. श्रोते प्रौढ असावेत, ही अट आहे. कॅमेऱ्यामागे ओरडणाऱ्या लहान मुलाला पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवावे."