लातूरला नेलेला दुखवटा

आईला ती मुलगी फार आवडायची. टीव्हीवर एक कार्यक्रम लागतो. पंधरा-वीस जणांना एका घरात कोंडतात आणि त्यांचं जेवण, भांडण, रुसणं सगळं दाखवतात. त्यातली ती. केस मुलासारखे कापलेले, दंडावर गोंदलेलं. आपण एका बाईसोबत संसार करतो, हे तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. कंधारच्या आमच्या घरात आई पलंगावर पाय पसरून हे बघायची. "लई खरी हाय पोरगी. जे हाय ते तोंडावर बोलती," म्हणायची, आणि मी शनिवारी नांदेडहून आलो की माझ्या मोबाइलवरून तिला मत द्यायला लावायची.

माझी धाकटी बहीण लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. मुलींची मेस चालवणाऱ्या मैत्रिणीसोबत ती बारा वर्षं राहिली; मेस खाली, त्या दोघी वर. मैत्रीण शर्ट-पँट घालते, भाजीची पोती स्वतः स्कूटरवर आणते. दोघींचं काय आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यावर घरात कुणी एक शब्द काढत नसे. बहिणीच्या लग्नाचं विचारणंही हळूहळू बंद झालं होतं. टीव्हीतल्या मुलीचं कौतुक मात्र आई फोनवर बहिणीलाच सांगायची. एकदा ते ऐकून झाल्यावर बहीण मला म्हणाली, "दादा, मी पण टीव्हीत जाऊ का? म्हणजे आईला मी आवडंल." ती हसत होती. मीही हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

पावसाळा संपता संपता बहीण गेली. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. ते आठही दिवस तिच्या उशाशी मैत्रीणच होती. मातीला ती कंधारला आली, शेजारच्या बायकांच्या मागं उभी राहिली आणि दुपारच्या एसटीनं परत गेली. तिला कुणी पाणी विचारलं का, मला ठाऊक नाही. मी तरी विचारलं नाही.

आमच्याकडं तेराव्याला पाहुणे दुखवट्याचे कपडे आणतात. बाईला साडी, माणसाला टॉवेल-टोपी. लग्न झालेली मुलगी गेली, तर माहेरची माणसं जावयाकडं जातात, त्याला नवे कपडे देतात आणि आपल्या घरी जेवायला आणतात. तेव्हा त्याचा दुखवटा निघतो. तेराव्याच्या दुपारी आईपुढं साड्यांचा ढीग पडला होता. माझ्या डोक्यावर एकावर एक टोप्या घालून झाल्या होत्या. त्या ढिगाकडं बघताना मला उमगलं, की जिचं घर रिकामं झालं, तिच्याकडं कुणीच गेलेलं नाही. मी तिथंच म्हणालो, "लातूरला दुखवटा न्यायचा राहिलाय."

मग मामा म्हणाले, "काय पुस्तकवाले, काय नेतो तिला? टोपी का लुगडं?"

ओसरीवरची माणसं तोंड फिरवून हसली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो म्हणून मामा मला पुस्तकवाले म्हणतात. टीव्हीतल्या त्या मुलीला कुणी नावं ठेवली, तर तिची बाजू घेऊन पारावर भांडणारे हेच मामा.

"तिलाच विचारतो," मी म्हणालो.

खरंच विचारलं. फोनवर तिनं आधी आईची तब्येत विचारली. मग म्हणाली, "शर्टाचं कापड आणा, दादा. फिकं नको. मेसमध्ये डाग पडतात."

नांदेडला जाऊन मी गडद निळं कापड घेतलं आणि कंधारला आलो. ते आईनं द्यावं, अशी माझी इच्छा होती. कापड मी तिच्या पलंगावर ठेवलं. तिनं उघडून पाहिलं नाही. तेराव्यापर्यंत बंद असलेला टीव्ही आता लागला होता. रात्रीचा भाग दुपारी पुन्हा दाखवतात, तो चालू होता. घरात कोंडलेल्यांना त्यांची माणसं भेटायला आली होती. त्या मुलीची जोडीदारीण दारातून आत आली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि आईनं पदर डोळ्यांना लावला.

मी आवाज कमी केला. "आई, हिच्यासाठी तुला रडू येतं. लातूरला एक बसलीय."

आई टीव्हीकडं बघतच बोलली. "ही माझी कोण हाय? हिला लोक काही का म्हणंनात, माझ्या दारात कुणी बोलायला येत न्हाई. हिच्यावर माया करायला माझं काय जातंय?"

माझं सगळं आयुष्य पुस्तकांत गेलं. माणसानं माणसाला समजून घ्यावं, असं सांगणारी पुस्तकं मी कपाटभर लावली आहेत. इतकं सरळ उत्तर त्यांतल्या एकातही मला भेटलं नव्हतं. आईचा रागही आला नाही. आपलं काही जाणार असेल तेव्हाच खरी गोष्ट सुरू होते, एवढं कळलं.

"जे जायचं ते जाऊ दे," मी म्हणालो. "मी उद्या लातूरला जातो."

"कोणत्या नात्यानं देणार?"

"जावयाला देतात, त्याच."

आईनं रिमोट घेऊन आवाज वाढवला.

लातूरला पोचलो तेव्हा मेसमध्ये मुलींची पंगत चालू होती. मैत्रिणीनं बाह्या दुमडल्या होत्या. "बसा दादा, एवढं उरकते," म्हणाली, आणि शेवटची मुलगी उठेपर्यंत वाढत राहिली. मग आम्ही वर गेलो. बहिणीच्या वह्या टेबलावर तशाच होत्या. मी मैत्रिणीला पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं आणि कापड हातात दिलं. तिनं ते मांडीवर ठेवलं, वरून एकदा हात फिरवला.

"आईंनी पाठवलं?"

हो म्हणणं सोपं होतं. "न्हाई. मी आणलंय."

तिनं मान हलवली. मी पुढं म्हणालो, "आता कंधारला जेवायला यायचं. दुखवटा काढायचाय."

"त्या मला घरात घेतील?"

"न्हाई घेतलं तर आपण दोघं बाहेर ओट्यावर जेवू. येणारे-जाणारे बघतील."

ती पहिल्यांदा थोडी हसली. डोळे पुसून म्हणाली, "रविवारी संध्याकाळी मेस बंद असती. दुपारची ताटं झाली की निघते."

बसस्टँडवरून मी आईला फोन लावला. मागं टीव्हीचा आवाज येत होता. रविवारी मी मैत्रिणीला जेवायला बोलावलंय, स्वयंपाक जमला तर कर, नाही तर मी करीन, असं सांगितलं. आई काही बोलली नाही. तिनं फोनही ठेवला नाही. मी तेच पुन्हा सांगितलं, जरा सावकाश.